जीपीएसमधल्या उपग्रह-चित्रांची आवराआवर

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. सह्याद्रीच्या कड्यावरच्या मोहरी गावात मुक्काम करून सकाळी आम्ही चौघं बोराट्याच्या नाळेकडे, म्हणजे कड्यातून कोकणात उतरणाऱ्या दगडांच्या अरुंद घळीकडे निघालो होतो. समोर लिंगाण्याचा सुळका, त्याच्या मागे धुरकट उजेडात रायगड. गवत कमरेएवढं वाढून पिवळं पडलेलं, मध्ये मध्ये कारवी. वाट एका ठिकाणी तीन बाजूंना फुटली. तिन्ही सारख्याच मळलेल्या, म्हणजे तिन्ही ढोरवाटा असण्याची शक्यता. अशा वेळेसाठीच मी जीपीएसमध्ये या भागाची उपग्रह-चित्रं भरून आणली होती. खांद्याच्या पट्ट्याला अडकवलेलं यंत्र काढलं, नकाशा उघडला आणि जिथे नाळेचं तोंड दिसायला हवं तिथेच चित्र काळंठिक्कर होतं.

झूम केलं. पडदा पांढरा झाला, मग हळूहळू एकेक चौकोन भरू लागला. भरून झाल्यावर कळलं की वर आलेलं चित्र भलतंच आहे, दोन वर्षांपूर्वी तोरण्यासाठी उतरवलेलं, ढोबळ आणि अस्पष्ट. त्याच्या खाली चांगलं चित्र होतं, पण ते दिसायचं तर मेनूत जाऊन वरचं बंद करायला हवं. यादी उघडली तर तिच्यात साठेक नावं, त्यांतली निम्मी एकसारखी. मी कड्याच्या काठाशी उभा राहून यादी सरकवत होतो आणि मागे तिघं जण पाठीवरच्या सॅकसह उभे होते.

तेवढ्यात गुरं घेऊन एक मामा आले. आदल्या रात्री आम्ही ज्यांच्या पडवीत झोपलो होतो तेच. त्यांनी माझ्या हातातलं यंत्र पाहिलं आणि म्हणाले, "आवो दादा, त्यात काय बघताय? त्यो धोंडा दिसतोय न्हवं, त्याच्या अंगानं खाली उतरा. म्होरं दगडं लागली की समजायचं नाळ आली."

आम्ही उतरलो. संध्याकाळी पाने गावात पोचलो, सगळे धड होते. पण चार-पाच मिनिटं मी कड्यापाशी यंत्र घेऊन उभा होतो आणि मला काहीच ठरवता येत नव्हतं, हे मनातून जाईना. चित्रं माझ्याकडे होती, जागाही त्यांतच होती. मी ती नीट ठेवली नव्हती. परत आल्यावर मी ठरवलं की हे काम मुळापासून करायचं. त्याला पुढचे साडेतीन महिने लागले. ते कसं केलं तेच इथे लिहितो आहे, कारण घाटवाटांना जाणाऱ्या बऱ्याच जणांच्या यंत्रात असाच पसारा असतो हे मी पाहिलं आहे.

माझ्याकडे आधी गार्मिन कंपनीचं ईट्रेक्स ३० होतं, आता जीपीएसमॅप ६६एस आहे. उपग्रह-चित्रं यात दोन वाटांनी येतात. पहिली वाट कंपनीच्या बर्ड्सआय सेवेची. ६६एसला वायफाय आहे, त्यामुळे ही चित्रं संगणकाशिवाय थेट यंत्रातच उतरवता येतात. जागा निवडायची, किती क्षेत्र हवं आणि किती बारकावा हवा ते सांगायचं, आधी नमुना पाहायचा आणि उतरवायचं. ती जेएनएक्स नावाच्या फाइलीत बर्ड्सआय फोल्डरमध्ये बसतात. दुसरी वाट स्वतः केलेल्या नकाशाची. एखादं चित्र घ्यायचं, त्याचे चौकोनी तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याच्या चार कडांचे अक्षांश-रेखांश लिहायचे आणि केएमझेड फाइल करून कस्टममॅप्स फोल्डरमध्ये टाकायची. मी दोन्ही वाटा वापरत होतो आणि पाच वर्षांत दोन्हीकडे मनाला येईल तसं भरत गेलो होतो.

जानेवारीतल्या एका रविवारी यंत्र संगणकाला जोडलं आणि मोजदाद केली. जेएनएक्स फाइली ६१, केएमझेड १४, सगळं मिळून ९ जीबीच्या वर. एकाच राजगड-तोरण्याची पाच चित्रं, वेगवेगळ्या बारकाव्याची. नावं यंत्रानं सुचवलेली, म्हणजे जागेचं नाव नाही, नुसता क्रमांक. यंत्र चालू करून नकाशा दिसेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजला: १ मिनिट ५० सेकंद. ऐन गरजेच्या वेळी, पावसात किंवा अंधार पडताना, बॅटरी बदलून यंत्र पुन्हा चालू करायची वेळ आली तर हे जवळजवळ दोन मिनिटं फार मोठे असतात.

पहिलं काम सोपं होतं, पण मन घट्ट करावं लागलं. सगळं संगणकाच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं, तिची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर केली आणि मग यंत्रातून जवळजवळ सगळं काढून टाकलं. आपलं यंत्र म्हणजे कोठार नव्हे हे एकदा ठरलं की पुढचे निर्णय सोपे होतात. कोठार घरी, यंत्रात फक्त येत्या मोहिमेची शिदोरी. बर्ड्सआयच्या फाइलींबाबत एक लक्षात ठेवायचं: त्या ज्या यंत्रासाठी उतरवल्या त्याच यंत्रात चालतात. म्हणून त्यांची प्रत ठेवताना फोल्डरला यंत्राचं नाव दिलं.

मग आकारमानाचा हिशेब मांडला. हा हिशेब मी आधीच करायला हवा होता, कारण बहुतेक पसारा "जास्तीत जास्त बारीक" या हव्यासातून झाला होता. आपल्याकडे, म्हणजे विषुववृत्तापासून साधारण १८-१९ अंश उत्तरेला, वेब-नकाशांच्या १७व्या झूम-पातळीवर चित्राचा एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर सुमारे १.१३ मीटरचा असतो. गार्मिनच्या केएमझेडमध्ये एक तुकडा १०२४ गुणिले १०२४ ठिपक्यांपेक्षा मोठा चालत नाही. म्हणजे एक तुकडा सुमारे १.१६ किलोमीटरचा. १० बाय १० किलोमीटरचा भाग झाकायला ९ गुणिले ९, म्हणजे ८१ तुकडे लागतात. एक पातळी पुढे गेलं की ठिपका निम्मा होतो आणि तुकडे ३२४ होतात. जुन्या ईट्रेक्स ३० मध्ये सगळ्या केएमझेड मिळून १०० तुकड्यांची मर्यादा होती, आताच्या यंत्रात ५०० ची. मर्यादा ओलांडली की उरलेले तुकडे यंत्र दाखवतच नाही. जुन्या यंत्रावर सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा एकच नकाशा मी स्कॅन करून टाकला होता, त्यानेच पन्नासच्या आसपास तुकडे खाल्ले होते. दुसरा टाकल्यावर त्याचा कोपरा का दिसत नाही हे मला तेव्हा महिनाभर कळलं नव्हतं.

आणि बारकावा वाढवून हाती काय लागतं? ६६एसचा पडदा ३ इंची आहे, आडवे २४० ठिपके. १.१३ मीटरच्या चित्रात पडद्यावर एका वेळी पावणेतीनशे मीटर रुंदीचा पट्टा पूर्ण बारकाव्यानं दिसतो. डोंगरात चालताना याहून जवळून पाहायची वेळ माझ्यावर क्वचित आली आहे. त्यामुळे नियम केला: सगळ्या मार्गाला मध्यम बारकावा आणि फक्त अवघड जागांना, म्हणजे नाळेचं तोंड, खिंड, कड्याखालची आडवी वाट, यांना दीड-दोन किलोमीटरचं बारीक चित्र. ६१ फाइलींच्या जागी नाळेच्या पूर्ण मार्गाला चार पुरल्या.

आता त्या काळ्या डागाकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त तेच सांगायचं आहे.

त्या दिवशी चित्र काळं का होतं, याचा शोध घेताना मी मोहरीपासून उत्तरेला ताम्हिणीपर्यंतच्या कड्याची चित्रं एकापाठोपाठ पाहिली. जिथे जिथे कडा पश्चिमेला कोकणात तुटतो तिथे तिथे काळी किनार. पूर्वेकडचे उतार मात्र लख्ख. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. भूनिरीक्षणाचे बरेच उपग्रह कुठल्याही जागेवरून तिथल्या सूर्यवेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात. युरोपीय अवकाश संस्थेचा सेंटिनेल-२ त्यांतलाच. हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत त्या वेळी सूर्य आग्नेयेच्या बाजूला. सह्याद्रीची भिंत पश्चिमेला उतरते. म्हणजे देशावरून कोकणात उतरणाऱ्या सगळ्या नाळा, सगळ्या घाटवाटा त्या वेळी डोंगराच्याच सावलीत असतात. जी जागा आपल्याला सगळ्यात जास्त पाहायची असते तीच नेमकी अंधारात.

मग कागदावर गणित केलं. डिसेंबरच्या अखेरीस आपल्या अक्षांशावर साडेदहाला सूर्य क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांवर असतो. ३०० मीटरच्या कड्याची सावली जवळजवळ ३२० मीटर लांब पडते. अख्खी नाळ तिच्यात बुडते. एप्रिलच्या मध्यावर त्याच वेळी सूर्य ६६-६७ अंशांवर आलेला असतो आणि सावली १३० मीटरवर येते. मेच्या मध्यावर तर पुण्यात शून्य सावलीचा दिवसच असतो, दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर. म्हणजे घाटवाटेसाठी चित्र घ्यायचं ते चैत्र-वैशाखातलं, हिवाळ्यातलं नव्हे. मी इतकी वर्षं उलट करत होतो. हिवाळ्यात हवा स्वच्छ असते, चित्र टवटवीत दिसतं, म्हणून हौसेनं डिसेंबर-जानेवारीची चित्रं निवडत होतो.

उन्हाळ्यातल्या चित्राचा आणखी एक फायदा आहे. पानगळ झालेली असते, गवत बसलेलं किंवा चरलेलं असतं, त्यामुळे पायवाटा पांढऱ्या दोऱ्यासारख्या उघड्या पडतात. ऑक्टोबरच्या चित्रात जिथे नुसता हिरवा गालिचा दिसतो तिथे एप्रिलच्या चित्रात गावातून पठारावर, पठारावरून कड्यावर गेलेली वाट ओळखता येते. अडचण एकच: वणवे. फेब्रुवारीपासून पठारं जळतात आणि जळालेलं रान चित्रात सावलीसारखंच काळं दिसतं. दोन्ही वेगळं ओळखायला मी हळूहळू शिकलो. या महिन्यांत सावली साधारण कड्याच्या वायव्येला, कड्याचाच आकार घेऊन पडते. जळालेल्या भागाची कड वाकडीतिकडी असते किंवा एखाद्या जाळरेषेवर (वणवा अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावर), रस्त्यावर, ओढ्यावर सरळ तुटते.

पण बर्ड्सआयच्या चित्रात तारीख निवडता येत नाही. कंपनी देते ते घ्यायचं. म्हणून सेंटिनेल-२ जोडीला घेतला. त्याची चित्रं सगळ्यांना मोफत आणि मोकळ्या परवान्यावर मिळतात, कोपर्निकस या युरोपीय भूनिरीक्षण उपक्रमाच्या संकेतस्थळावर खातं उघडलं की झालं. दोन उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी एकाच जागेवरून जातात, त्यामुळे हवा तो महिना निवडता येतो. ठिपका १० मीटरचा, म्हणजे यात पायवाट दिसत नाही. ३० मीटर रुंदीची नाळ जेमतेम तीन ठिपक्यांची. पण रान कुठे दाट, पठार कुठे उघडं, ओढ्याच्या काठी एप्रिलमध्येही हिरवं कुठे आहे, म्हणजे पाणी कुठे असू शकेल, धरणाचं पाणी त्या महिन्यात कुठवर असतं, हे सगळं त्यात चोख कळतं. आणि जागा फार कमी खातो. २० बाय २० किलोमीटरचा भाग म्हणजे २००० गुणिले २००० ठिपके. केएमझेडचे फक्त चार तुकडे! यंत्राच्या एका कोपऱ्यात एका मोहिमेचे तीन वेगवेगळ्या महिन्यांचे थर सहज मावतात.

लोकप्रिय वेब-नकाशांवरची बारीक चित्रं तुकड्यातुकड्यानं ओढून केएमझेड करणारी साधनं मिळतात. मीही पूर्वी वापरली होती. त्या सेवांच्या अटी त्याला परवानगी देत नाहीत, म्हणून या आवराआवरीत ते सगळं काढून टाकलं. विकत घेतलेलं आणि मोकळ्या परवान्याचं मिळून काम पूर्ण होतं, हा माझा अनुभव आहे.

सेंटिनेलचं चित्र केएमझेडमध्ये बसवताना पहिल्यांदा चूक झाली ती अशी. ते चित्र यूटीएम प्रक्षेपणात येतं, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून प्रत्येक पट्टा मीटरच्या चौकटीत सपाट मांडलेला; आपला पश्चिम महाराष्ट्र ४३व्या पट्ट्यात. केएमझेडला मात्र कडा सरळ अक्षांश-रेखांशात लागतात. मी प्रक्षेपण न बदलता नुसते कोपऱ्यांचे आकडे लिहून चित्र बसवलं. यंत्रात मध्यभागी बरोबर दिसलं, म्हणून समाधान मानलं. नंतर जुना ट्रॅक, म्हणजे यंत्रानं नोंदवलेली चाललेली वाट, त्यावर टाकून पाहिला तर कडेला तो ऐंशी-नव्वद मीटर सरकून ओढ्यातून चालत होता! पट्ट्याची मध्यरेषा ७५ अंशांवर, मोहरी साडेत्र्याहत्तर अंशांच्या पुढेमागे. तेवढ्या अंतरात उत्तर दिशाच अर्ध्या अंशानं फिरते. १० किलोमीटरवर अर्धा अंश म्हणजे तेवढीच तफावत. तेव्हापासून क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्र आधी डब्ल्यूजीएस ८४ मध्ये, म्हणजे सरळ अक्षांश-रेखांशांत आणतो आणि मगच त्यातल्या गार्मिन कस्टम मॅप नावाच्या प्लगइननं तुकडे करतो. तुकड्यांच्या जेपीईजी साध्या प्रकारच्या असाव्या लागतात, प्रोग्रेसिव्ह प्रकारच्या यंत्र वाचत नाही. प्लगइन ते आपोआप सांभाळतं.

नाळेच्या तोंडाशी चुकीचं चित्र वर का आलं, त्याचंही उत्तर केएमझेडच्या आतच सापडलं. फाइलीत ड्रॉ-ऑर्डर नावाचा एक आकडा असतो. तो ५० किंवा त्याहून मोठा असला की चित्र रेषांच्या नकाशावर चढतं, कमी असला की खाली जातं. माझ्या सगळ्या जुन्या फाइलींत तो ५०च होता, सगळी चित्रं वर येण्यासाठी भांडत होती. आता सेंटिनेलला मी २० ठेवतो. त्यामुळे पारदर्शक कंटूर-नकाशाच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा चित्राच्या अंगावर उमटतात. सावलीत काही दिसत नसलं तरी रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथे कडा आहे आणि व्हीच्या आकारात आत वळल्या की तिथे नाळ आहे, हे वाचता येतं. चित्र आणि कंटूर एकत्र पाहायला मिळणं हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोठा लाभ, असं मला मनापासून वाटतं.

उजेडाचा प्रश्न मात्र घरी बसून कधीच कळला नसता. संगणकावर सुंदर दिसणारं चित्र यंत्राच्या पडद्यावर उन्हात मातकट काळं दिसतं. या यंत्रांचा पडदा उन्हाच्याच परावर्तित उजेडावर चालतो. पांढऱ्या जमिनीवरचा रेषानकाशा त्यावर छान वाचता येतो, पण गडद हिरवं रान दिसत नाही. मग मागचा दिवा वाढवायचा, म्हणजे बॅटरी संपवायची. मार्चमधल्या एका दुपारी गच्चीवर यंत्र घेऊन बसलो आणि एकाच चित्राच्या पाच प्रती, उजळपणा थोडा थोडा वाढवत, एकामागून एक टाकून पाहिल्या. संगणकावर जी प्रत फिकट, जवळजवळ धुतलेली वाटत होती तीच उन्हात उत्तम. सावल्यांचा भाग थोडा जास्त उघडला की कड्याखालचे ठिपकेही ओळखू येतात. आता प्रत्येक चित्र मी गच्चीवर उन्हात पाहूनच पक्कं करतो.

याच काळात अमेरिकेत असलेल्या चुलतभावानं विचारलं, येताना ६६आय आणू का, त्यात उपग्रहावरून निरोपही पाठवता येतो. मी नको म्हणालो. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाही. विमानतळावर अशी यंत्रं पकडली गेली आहेत, गोव्यातही. नुसत्या ६६एसला ही अडचण नाही, ते फक्त उपग्रहांचे संकेत ऐकतं. परदेशातल्या नातेवाइकांकडून यंत्र मागवणाऱ्यांनी शेवटचं अक्षर नीट पाहावं.

एक धडा एप्रिलमध्ये मिळाला. निघायच्या दिवशी, गाडी दारात असताना, शेवटची केएमझेड यंत्रातल्या कार्डावर चढवत होतो. पट्टी पूर्ण झालेली दिसली आणि मी "सुरक्षित काढा" न करता केबल ओढली. वाटेत नसरापूरला यंत्र चालू केलं तर ते सुरुवातीच्या चित्रावरच अडकलं, पुढे जाईना. दोनदा बंद-चालू केलं, तेच. मग बॅटऱ्या काढल्या, त्यांच्या खालचं मायक्रोएसडी कार्ड बाहेर काढलं आणि पुन्हा चालू केलं. चालू झालं. म्हणजे खोट कार्डावरच्या अर्धवट फाइलीत. मित्राच्या लॅपटॉपवर कार्ड उघडून ती फाइल पुसली, कार्ड परत घातलं, सगळं सुरळीत. सुदैवानं मूळ मार्गाचे ट्रॅक आणि वेपॉइंट (खूण करून ठेवलेल्या जागा) यंत्राच्या आतल्या मेमरीत होते. तेव्हापासून हीच वाटणी कायम केली: ट्रॅक, वेपॉइंट आणि कंटूर आत, चित्रं सगळी कार्डावर. चित्रानं घात केला तर कार्ड काढायचं आणि बाकीच्यावर चालायचं. कार्ड ३२ जीबीचं, एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेलं. या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही, पण आता तेवढी मोठी फाइल मी करतच नाही.

नावं देण्याची पद्धत साधी ठेवली. आधी जागा, मग महिना, मग वर्ष, शेवटी चित्राचा उगम. यादीत बोराट्याच्या नाळेच्या सगळ्या फाइली एकाखाली एक येतात आणि कुठली उन्हाळ्याची, कुठली हिवाळ्याची ते नावावरून कळतं. बर्ड्सआयच्या चित्रांना मात्र तारखेच्या जागी मी प्रश्नचिन्हाऐवजी दोन शून्यं लिहीत होतो, कारण ती कधीची आहेत हे कळायला मार्ग नव्हता.

नसरापूरहून आम्ही त्याच दिवशी मोहरीला गेलो होतो. नाळ पुन्हा पाहायची होती आणि नव्या चित्रांची परीक्षा घ्यायची होती. यंत्र चालू व्हायला आता ४० सेकंद लागत होते. आधी चित्र जमिनीवर कितपत बरोबर बसलं आहे ते तपासलं. यासाठी चित्रात स्पष्ट दिसेल आणि जमिनीवर तिथे उभं राहता येईल अशी जागा लागते. मामांच्या घराचा कोपरा निवडला. दहा मिनिटं थांबून जागेची सरासरी घेतली. बर्ड्सआयचं चित्र सुमारे १२ मीटर पूर्वेला सरकलेलं निघालं. पठारावर १२ मीटरनं काही बिघडत नाही. कड्याच्या काठावर मात्र १२ मीटर म्हणजे चित्रात जमीन आणि पायाखाली हवा, म्हणून हा आकडा यंत्राच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहून ठेवला.

सकाळी नाळेच्या तोंडाशी गेलो. तीच जागा, तोच धोंडा. पडद्यावर सेंटिनेलचं एप्रिलचं फिकट चित्र, त्यावर कंटूर, आत वळलेला व्ही स्पष्ट, आणि सावली नाळेच्या एका बाजूला सरकलेली. दुसरी बाजू उजेडात. बारीक चित्र चालू केलं तर पठारावरून आलेली पांढरी वाट धोंड्याला वळसा घालून तोंडात शिरताना दिसली. डिसेंबरात गवतात हरवलेली हीच ती वाट.

परत आल्यावर मामांच्या पडवीत चहा घेत बसलो होतो. त्यांनी यंत्र मागितलं. "आमचं घर दिसतंय का ह्यात?" मी बर्ड्सआयचं चित्र मोठं करून दिलं. त्यांनी पडदा डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ह्यो फोटू कवाचा?"

म्हटलं, "मामा, तेच तर कळत नाही. कंपनी सांगत नाही."

"कळत न्हाई कसं?" त्यांनी घराखालच्या खाचरांवर बोट ठेवलं. तिथे तीन लहान काळे चौकोन होते. मी त्यांना वणव्याचे डाग समजलो होतो, पण ते राब होते, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा टाकून भाजलेले जमिनीचे तुकडे. "हे राब भाजल्यात. आमी राब भाजतो ती येळ म्हंजी पाडव्याच्या म्होरं, पावसाच्या आदी." मग बोट घरावर नेलं. "आन् हितं बघा. घरावर कौलं हायती. आता पत्रा हाय न्हवं? वादळात उडाली कौलं, मंग पत्रा घातला."

वादळ म्हणजे निसर्ग चक्रीवादळ, ३ जून २०२०. मामी आतून म्हणाल्या, "आन् त्यो मोठा आंबा बी हाय का बघा त्यात, त्यो बी त्याच दिशी पडला." आंबा होता. घराच्या मागे गोल, गडद हिरवा, भरगच्च.

म्हणजे चित्र २०२०च्या मेपर्यंतचं, आणि उन्हाळ्यातलं. मामांनी आणखी एक खूण दाखवली, घराच्या उत्तरेला ओढ्यात खडकाखाली बारमाही पाणी असलेली जागा. चित्रात तिथे फक्त थोडा हिरवा ठिपका होता. ते मला तिथवर घेऊन गेले, मी वेपॉइंट घेतला. रात्री कंदिलाच्या उजेडात फाइलीच्या नावातली दोन शून्यं काढली आणि तिथे एप्रिल-मे, २०२० किंवा त्याआधी असं लिहिलं.